लॅपटॉपमधील पूर्वस्थापित सॉफ्टवेअर काढणे

नव्या लॅपटॉपमध्ये उत्पादकाने कारखान्यातच टाकलेले, पण घेणाऱ्याने न मागितलेले प्रोग्रॅम ओळखून यंत्रातून काढून टाकण्याची क्रिया. अशा प्रोग्रॅमना सर्रास ब्लोटवेअर म्हणतात. महिनाभर किंवा वर्षभर फुकट चालून मग पैसे मागणारा अँटिव्हायरस, चाचणीपुरते खेळ, खरेदीच्या संकेतस्थळांचे शॉर्टकट आणि उत्पादकाची स्वतःची सहायक ॲप हे त्याचे नेहमीचे प्रकार. लोक हे काम बहुधा यंत्र हळू चालते म्हणून हाती घेतात. ते कारण खरे आहे, पण दुय्यम आहे. यातले काही प्रोग्रॅम मालकालाही सहसा नसतात असे अधिकार घेऊन यंत्रात बसलेले असतात, आणि २०१५ पासूनच्या घटना पाहिल्या तर सफाईचे खरे कारण तेच ठरते.

हे सॉफ्टवेअर येते कुठून

लॅपटॉपच्या धंद्यात, विशेषतः स्वस्त यंत्रांत, नफा फार थोडा सुटतो. तो वाढवण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे कारखान्यातली हार्ड डिस्क भाड्याने देणे. सॉफ्टवेअर कंपन्या आपला प्रोग्रॅम टाकून देण्याबद्दल उत्पादकाला पैसे देतात. कधी दर यंत्रामागे ठरावीक रक्कम असते, तर कधी मुदत संपल्यावर ग्राहकाने वर्गणी भरली की तिच्यातला वाटा मिळतो. अँटिव्हायरसची मुदत संपत आली की पडद्याच्या कोपऱ्यात इशाऱ्यांची रांग लागते, त्यामागे हा हिशेब असतो.

मार्च २००८ मध्ये सोनीने व्हायो मालिकेतल्या काही लॅपटॉपसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय ठेवला. असले प्रोग्रॅम नको असतील तर ४९.९९ डॉलर जादा मोजायचे. त्यावर एवढी ओरड झाली की सोनीने तो आकार लगेच मागे घेतला. त्या निमित्ताने उत्पादकाच्या लेखी स्वच्छ यंत्राची किंमत काय आहे, हे मात्र छापील दरात दिसून गेले.

या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास याहून जुना आहे. अमेरिकी सरकारने मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा तक्रारीतला एक मोठा भाग असा होता की संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना इंटरनेट एक्स्प्लोरर काढू दिला जात नाही. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये विंडोज मीडिया प्लेयरच्या सक्तीसह दोन गैरप्रकारांबद्दल मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि तो प्लेयर नसलेली विंडोजची आवृत्ती काढायला लावली. या लढायांतून मोकळीक मिळाली ती प्रामुख्याने उत्पादकांना आणि स्पर्धक कंपन्यांना. उत्पादकांनी आपल्या वाट्याच्या मोकळ्या जागेत आपले भाडेकरू बसवले. घेणाऱ्याच्या हाती काही यायला २०२४ उजाडावे लागले. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मायक्रोसॉफ्टला लागू झाला आणि तिथल्या विंडोज वापरणाऱ्यांना एज ब्राउझरसुद्धा काढता येऊ लागला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यात अँड्रॉइड फोनवर गूगलची ॲप एकगठ्ठा टाकून देण्याची सक्ती हा एक मुद्दा होता. अपिलात मार्च २०२३ मध्ये दंड कायम राहिला, काही निर्देश मात्र रद्द झाले.

सुपरफिश

लेनोव्होने सप्टेंबर २०१४ पासून काही महिने आपल्या घरगुती वापराच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश व्हिज्युअल डिस्कव्हरी’ नावाचा प्रोग्रॅम टाकला. थिंकपॅड मालिका यातून सुटली होती. कोणी इंटरनेटवर एखादी वस्तू पाहिली, की तिच्या चित्रावरून मिळत्याजुळत्या वस्तूंच्या जाहिराती त्याच पानात घुसवायच्या, एवढेच त्याचे काम.

पण अशी पाने बहुतेक कुलूपबंद जोडणीतून येतात. ब्राउझर आधी समोरच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासतो, ते विश्वासू संस्थेचे असेल तरच कुलपाची खूण दाखवतो. मध्येच जाहिरात घालायची तर ही तपासणीच चुकवायला हवी. त्यासाठी सुपरफिशने विंडोजच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले. मग प्रत्येक संकेतस्थळाचे खरे प्रमाणपत्र बाजूला सारून तो जागच्या जागी आपल्या सहीचे खोटे तयार करी, आणि ब्राउझर ते बिनतक्रार मान्य करी. बँकेच्या पानावरही कुलूप दिसे, पण प्रमाणपत्र कोणी दिले हे उघडून पाहिले तर तिथे सुपरफिशचे नाव असे.

याहून वाईट गोष्ट अशी की सही करण्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती, आणि ती प्रोग्रॅमच्या आतच ठेवलेली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरक्षा संशोधक रॉबर्ट ग्रॅहम यांनी ती काही तासांत बाहेर काढली. तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’. ज्या कंपनीचे तंत्र सुपरफिशने वापरले होते, तिचेच नाव. ही किल्ली हाती असलेला कोणीही कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर बसून शेजारच्या लेनोव्होला खोटे बँकेचे पान खरे म्हणून दाखवू शकला असता.

सफाईच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा पुढेच आहे. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी प्रमाणपत्र जागेवरच राहत होते. यादीतून नाव गेले, म्हणजे वस्तू गेली, असे मानणारा माणूस आधीइतकाच उघडा होता. लेनोव्होने नंतर वेगळे साधन दिले आणि मायक्रोसॉफ्टने डिफेंडर या विंडोजमधल्या अंगभूत अँटिव्हायरसमार्फतही ते प्रमाणपत्र काढले. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी तडजोड झाली. राज्यांना ३५ लाख डॉलर मिळाले, आणि असे सॉफ्टवेअर टाकण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन कंपनीवर आले.

सुपरफिश उघडे पडले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे २०१५ मध्येच, डेलच्या यंत्रांत ‘ईडेलरूट’ नावाचे असेच मूळ प्रमाणपत्र किल्लीसकट सापडले. हेतू जाहिरातीचा नव्हता. मदत केंद्राला यंत्र ओळखता यावे, एवढाच होता. पण धोका तोच. शिवाय ते नुसते पुसले तर यंत्र पुन्हा सुरू होताच परत येई, कारण डेलच्या सेवेतली एक फाइल ते पुन्हा बसवत असे. आधी ती फाइल आणि मग प्रमाणपत्र, असा क्रम पाळावा लागला. डेलने माफी मागून सफाईचे साधन दिले.

निरुपद्रवी दिसणारे अपडेटर

उत्पादकाचे अपडेट देणारे ॲप लोक सहसा काढत नाहीत, कारण ते कामाचे वाटते. ते प्रशासकाहूनही वरच्या, खुद्द यंत्रणेच्या अधिकाराने चालते. मे २०१६ मध्ये ड्युओ सिक्युरिटी या सुरक्षा कंपनीने एसर, असुस, डेल, एचपी आणि लेनोव्हो या पाच कंपन्यांचे अपडेटर तपासले, तेव्हा प्रत्येकात किमान एक अशी त्रुटी निघाली की बाहेरच्या माणसाला यंत्राचा पूर्ण ताबा घेता यावा. मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या असुसच्या प्रकरणात तर हल्लेखोरांनी २०१८ मध्ये कंपनीच्या अपडेट सेवेतूनच, कंपनीच्या खऱ्या सहीनिशी, दूषित फाइल वाटली होती. त्यांचा रोख सुमारे ६०० ठरावीक यंत्रांवर होता, फाइल मात्र हजारोंच्या घरी पोचली.

काय ठेवावे, काय काढावे

काढायला बसण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. लॅपटॉपमध्ये डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) सुरू असेल तर ते करणाऱ्या बिटलॉकर या विंडोजच्या सोयीची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का, ते पाहून ती कागदावर उतरवावी. आणि भारतात बऱ्याच लॅपटॉपसोबत ऑफिसचा कायमचा परवाना येतो, तो आधी खात्यात लॉगिन करून सुरू करून घ्यावा. या परवान्याला चाचणीची प्रत समजून न पाहताच उडवले, तर पैसे भरून घेतलेली गोष्ट हातची जाऊ शकते.

जुन्या कंट्रोल पॅनेलमधली ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ची यादी अजूनही उपयोगी आहे, कारण तिथे प्रत्येक नावासमोर प्रकाशकाचा रकाना आहे. त्या रकान्यात इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक, सिनॅप्टिक्स अशी नावे दिसली की हात मागे घ्यावा. ती ग्राफिक्स, आवाज, टचपॅड यांची ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारी, मंडळी आहेत. कीबोर्डवरची उजेड आणि आवाजाची बटणे चालवणारा हॉटकीचा प्रोग्रॅमही राहू द्यावा. उत्पादकाचे मुख्य ॲप, उदाहरणार्थ लेनोव्हो व्हँटेज किंवा मायअसुस, ठेवण्यात शहाणपण आहे. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आणि बायोसचे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट तिथूनच सोपे पडते. वर सांगितलेला धोका असूनही ते ठेवावे असे म्हणण्याचे कारण हे की जुना बायोसही धोकाच आहे, आणि अपडेटर स्वतः अद्ययावत असेल तर पारडे त्याच्या बाजूने झुकते. खेळ, खरेदीची ॲप, जाहिरातीची सेवा आणि मुदतीचा अँटिव्हायरस यांना असा कोणताही बचाव नाही.

अँटिव्हायरस काढताना घाई करू नये. एकाच कंपनीच्या नावाने यादीत दोन नोंदी असू शकतात, एक मुख्य प्रोग्रॅम आणि एक ब्राउझरवर नजर ठेवणारा. दोन्ही काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. अवशेष राहिले तर मॅकॅफी आणि नॉर्टन या दोन्ही कंपन्यांनी काढून टाकण्याची स्वतंत्र साधने दिली आहेत. मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर सुरू झाला का, ते पाहावे. दुसरा अँटिव्हायरस असेतो तो बाजूला होतो, तो गेला की कामावर येतो.

महाराष्ट्रात इथे एक वेगळी गुंतागुंत होते. पुण्याच्या क्विक हीलमुळे अँटिव्हायरस दुकानातून डबीत विकत घेण्याची सवय इथे चांगली रुजलेली आहे. लॅपटॉप घेताना दुकानदाराने वर्षभराचा अँटिव्हायरस टाकून दिला, आणि कारखान्यातला मुदतीचाही आत राहिला, तर दोघे एकाच फाइलवर एकाच वेळी पहारा देऊ लागतात आणि यंत्र अडखळते. नवा टाकण्याआधी जुना पूर्ण काढायला सांगावे.

विंडोज १० आणि ११ मधली स्टोअरची ॲप वेगळ्या पद्धतीने बसतात. सेटिंग्जमधल्या यादीतून ॲप काढले, तरी ते त्या एका वापरकर्त्यापुरतेच जाते. विंडोजच्या साठ्यात त्याची मूळ प्रत शिल्लक असते. घरात मुलांसाठी नवे खाते उघडले की तेच ॲप तिथे हजर. मूळ प्रत काढायला पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा द्यावी लागते. स्टार्ट मेन्यूतली काही चित्रे मात्र नुसत्या खुणा असतात. त्यांवर क्लिक केल्यावरच ॲप उतरते. तिथे ‘अनपिन’ पुरते.

एका फटक्यात सगळे काढतो म्हणणाऱ्या तयार स्क्रिप्ट इंटरनेटवर भरपूर मिळतात. आत काय लिहिले आहे हे न वाचता ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे म्हणजे कारखान्यातल्या अनोळखी माणसाऐवजी दुसऱ्या अनोळखी माणसावर विश्वास टाकणे. अशा काही स्क्रिप्ट अपडेट सेवा आणि स्टोअरही उखडतात, आणि त्याचा त्रास महिन्यांनी, भलत्याच जागी दिसतो.

फॉरमॅट मारणे

‘फॉरमॅट मारून टाक’ हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय सल्ला. तो चुकीचा नाही, फक्त कसे मारायचे यावर सगळे अवलंबून आहे. विंडोजमधले ‘रीसेट’ वापरले तर उत्पादकाने ठेवलेली पुडकी परत बसू शकतात. पूर्वस्थापित ॲप परत आणायची का असा पर्याय दिसला तर नाही म्हणावे. खरी कोरी पाटी हवी असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन तिथून टाकावे. विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपमध्ये परवान्याची की विंडोज ८ च्या काळापासून मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावर कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते. तीच आवृत्ती, म्हणजे होमच्या जागी होम, टाकली तर की न मागता विंडोज सुरू होते.

डॉसवाले, म्हणजे विंडोजशिवाय स्वस्तात विकले जाणारे लॅपटॉप, याला अपवाद. त्यांच्यात ना ब्लोटवेअर, ना की. तिथे परवाना विकत घ्यावा किंवा लिनक्स टाकावे. कोणी फुकटात विंडोज टाकून देतो म्हणाला, तर ती चालू करणाऱ्या क्रॅकमधून जे आत शिरते, त्यापुढे मुदतीचा अँटिव्हायरस परवडला.

पेन ड्राइव्हवरून टाकताना दोन अडचणी हमखास येतात. इंटेलच्या बऱ्याच नव्या यंत्रांत विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण साठवणीचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसतो. आणि विंडोज बसल्यावर वायफाय चालत नाही. दोन्ही ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलच्या पानावरून, आधीच त्याच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावेत.

एवढे करूनही उत्पादकाचा प्रोग्रॅम परत येण्याची एक वाट उरते. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने फर्मवेअरमध्ये एक जागा दिली आहे, जिथे ठेवलेला प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना आपोआप चालवला जातो. चोरीला गेलेले यंत्र शोधण्यासारख्या कामांसाठी ती होती. ऑगस्ट २०१५ मध्ये लेनोव्हो सर्व्हिस इंजिन या नावाने तिचा भलता वापर बाहेर आला: डिस्क पूर्ण पुसून नवे विंडोज टाकले तरी लेनोव्होचे सॉफ्टवेअर पुन्हा उतरत होते, आणि त्यातच सुरक्षेची त्रुटी निघाली. कंपनीला ते बंद करणारे बायोस अपडेट द्यावे लागले. ही सोय आजही आहे. असुसच्या अनेक मदरबोर्डवर कोरे विंडोज टाकताच ‘आर्मरी क्रेट’ हे असुसचे ॲप टाकू का, अशी खिडकी उघडते, ती यामुळेच. तिचा पर्याय बायोसमध्ये असतो. तो बंद करून मगच विंडोज टाकावे.