पांढरी पूड बदलली की नाही?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला एका मुलीने दोन वॉच ग्लास, म्हणजे काचेच्या उथळ बशा, माझ्यासमोर आणून ठेवले. एकात जायफळातून काढलेली पांढरी पूड. दुसऱ्यात त्याच पुडीपासून पुढच्या आठवड्यात बनवलेली दुसरी पांढरी पूड. पहिलीचा मेल्टिंग पॉइंट, म्हणजे वितळण्याचं तापमान, ५५ अंश सेल्सिअस, दुसरीचा ५४. "सर, हें तर कांयच जालें ना," ती कोंकणीत म्हणाली, म्हणजे काहीच झालं नाही. फळ्यावर मी बाण काढला होता, डावीकडे एक रेणू आणि उजवीकडे वेगळाच. तिच्या हातात मात्र डावी-उजवी दोन्हीकडे सारखंच दिसत होतं.

असा प्रश्न वर्षातून एखादाच येतो. बाकीच्यांनी जर्नलमध्ये रीतसर आकडे भरले होते आणि खाली "अभिक्रिया पूर्ण झाली" असं लिहिलं होतं. झाली हे कशावरून, हे कुणीच विचारलं नव्हतं.

आधी जायफळाबद्दल. गोव्यात फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, माडा-पोफळींच्या सावलीत जायफळाची झाडं असतात, त्यामुळे आमच्या निम्म्या मुलांच्या घरी डब्यात जायफळ असतंच. सुक्या जायफळाच्या वजनात चौथ्या हिश्श्याहून अधिक स्निग्धांश असतो. खोबरेल असो की शेंगतेल, त्यात नाना प्रकारच्या मेदाम्लांची (फॅटी ॲसिड्सची) सरमिसळ असते. जायफळातली चरबी मात्र जवळजवळ एकाच साच्यातून काढल्यासारखी. ग्लिसरॉलच्या एका कण्याला मिरिस्टिक आम्लाच्या तीन सारख्या शेपट्या, म्हणजेच ट्रायमिरिस्टिन. रेणू सारखे असले की ते नीट रांगेत बसतात, म्हणून या चरबीचे चक्क पांढरेशुभ्र स्फटिक मिळतात. विद्यार्थ्याला पहिल्याच प्रयत्नात शुद्ध पदार्थ हाती लागावा, असा हा दुर्मीळ नैसर्गिक स्रोत आहे.

१८४१ साली लायन प्लेफेअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने या चरबीतलं मिरिस्टिक आम्ल वेगळं करून त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो जर्मनीत गीसेनला युस्टस लीबिगच्या हाताखाली शिकला होता. तोवर बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र शिकवायचं म्हणजे गुरुजींनी टेबलावर प्रयोग करायचा आणि मुलांनी बाकावरून बघायचा. १८२४ मध्ये गीसेनला गेलेल्या लीबिगने मुलांच्याच हातात चंबू दिला. आज आपल्याकडे प्रॅक्टिकलचा जो तास असतो, त्याचं मूळ तिथे आहे.

आमच्याकडे पहिल्या दिवशी किसलेलं जायफळ ईथरमध्ये उकळतात. ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश. मे महिन्यात गोव्याच्या दुपारी तो नुसता बाकावर ठेवला तरी उकळीच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याची वाफ दूरच्या ज्योतीनेही पेट घेते. म्हणून त्या दिवशी खोलीत एकही बर्नर पेटवायचा नाही, नुसत्या कोमट पाण्यावर भागवायचं. ईथर उडून गेलं की पिवळट तेलकट गोळा उरतो. तो गरम ॲसिटोनमध्ये विरघळवून सावकाश थंड केला की स्फटिक दिसू लागतात. पुढच्या खेपेला अल्कोहोलमधल्या कॉस्टिक सोड्याबरोबर उकळायचं. ग्लिसरॉल सुटतं, शेपट्यांचा साबण होतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की पांढरं मिरिस्टिक आम्ल गुठळ्यांनी वर येतं. घरी खोबरेलाचा साबण करतात तीच ही अभिक्रिया, फक्त एक पाऊल पुढची.

आता त्या मुलीचा प्रश्न. दोन पदार्थ एकाच तापमानाला वितळतात, तर ते एकच आहेत का?

तिला मी दालचिनीशी नातं सांगणारं सिनॅमिक आम्ल आणि शेतात टाकतात तो युरिया, असे दोन नमुने दिले. दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात. दोन्ही समसमान घेऊन खलात घोटायला सांगितलं. एका टोकाला बंद केलेल्या केसाएवढ्या काचनळीत ती पूड भरायची, लांब काचेच्या नळीतून सोडून दोन-चारदा आपटायची म्हणजे तळाशी घट्ट बसते. मग थर्मामीटरला रबराच्या चकतीने बांधून थीलच्या नळीतल्या (मेल्टिंग पॉइंट बघायच्या काचनळीतल्या) पॅराफिन तेलात सोडायची. १३३ यायच्या कितीतरी आधी पूड ओलसर झाली, काचेपासून सुटली, खचली आणि तिचं पाणी झालं. मुलगी थर्मामीटरकडे बघतच राहिली.

असं का होतं? माझ्या मते पदवीच्या अभ्यासक्रमातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

स्फटिक आणि त्याचा द्रव एकमेकांना भिडतात तिथे सतत ये-जा चालू असते. काही रेणू रांग सोडून द्रवात जातात, काही द्रवातून येऊन रांगेत बसतात. ही ये-जा ज्या तापमानाला बरोबरीत सुटते तो मेल्टिंग पॉइंट. आता द्रवात परके रेणू आले. स्फटिक अजून शुद्धच आहे, त्यामुळे त्यातून सुटणाऱ्यांना काही फरक पडत नाही. परतणाऱ्यांची संख्या मात्र घटते, कारण सीमेवर येऊन धडकणाऱ्यांत आता परकेही असतात आणि त्यांना त्या रांगेत जागा नसते. तोल वितळण्याकडे झुकतो. तो पुन्हा साधायचा तर तापमान उतरवावं लागतं. आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकतात, तिथेही हेच घडतं.

शिवाय पहिला थेंब सुटतो तेव्हा त्यात परक्यांचं प्रमाण जास्तीत जास्त असतं. मुख्य पदार्थ वितळत जातो तसं ते विरळ होतं आणि मेल्टिंग पॉइंट वर सरकत जातो. म्हणून मिश्रण एका अंशात न वितळता रेंगाळत वितळतं. उष्मागतिकीत हेच एका भागाकारात मावतं: वितळण्याची एन्थॅल्पी (वितळायला लागणारी उष्णता) भागिले वितळण्याची एन्ट्रॉपी (वितळताना वाढणारी अव्यवस्था) म्हणजे मेल्टिंग पॉइंट. मिसळल्याने द्रवाची एन्ट्रॉपी वाढते, छेद मोठा होतो, उत्तर लहान येतं. आणि इथे वजन नाही, डोकी मोजायची. ट्रायमिरिस्टिनचा रेणुभार ७२३, मिरिस्टिक आम्लाचा २२८. दोन्ही वजनाने सारखी घेतली तरी चरबीच्या एका रेणूमागे आम्लाचे तीनहून थोडे जास्त रेणू येतात.

एकाच पदार्थाचे दोन नमुने मिसळले तर मात्र परका कुणीच नसतो आणि आकडा जागचा हलत नाही. सारा पुरावा एवढाच, खल-बत्ता आणि काचनळीचा. आयआर यंत्र, म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र, हे दोन मिनिटांत सांगतं हे खरं. पण ते सांगतं आणि मुलं ऐकतात. इथे मुलांना स्वतः पटवून घ्यावं लागतं.

मसाल्यांच्या बागा बघायला येणाऱ्या पर्यटकांना विकतात त्या बाटल्यांवर "केमिकल-फ्री" लिहिलेलं असतं. पुडीचा एवढा खटाटोप केलेल्या मुलांना ते वाचून दाखवायला मला आवडतं. जायफळातून रसायनं काढून टाकली तर बाटलीत काही उरणारच नाही. मिरिस्टिक आम्ल झाडातलं असो की कारखान्यातलं, शुद्ध असेल तर एकमेकांत मिसळल्यावर मेल्टिंग पॉइंट ढळत नाही. "नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी" हेही खरं नाही. जायफळ प्रमाणाबाहेर खाल्लं तर विषबाधा होते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. आपल्या प्रॅक्टिकल परीक्षेत मुलं आधी पदार्थ ओळखतात, वासावरून, रंगावरून, आदल्या बॅचला विचारून. मग चाचण्या उलट्या क्रमाने लिहितात. एका परीक्षेत एका मुलाने प्रामाणिकपणे "५० ते ५३" लिहिलं आणि त्याचे गुण गेले. पुस्तकातून ५४ उतरवणाऱ्याला ते मिळाले. जुलै महिना होता. पाण्यातून गाळलेलं आम्ल आमच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही, डेसिकेटरमधल्या (नमुने सुकवायच्या बंद भांड्यातल्या) ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडलासुद्धा पाणी सुटतं. त्याचा नमुना ओला होता आणि त्याने वाचलेला आकडा बरोबर होता.

म्हणून आता आमच्या जर्नलच्या तक्त्यात "अपेक्षित मूल्य" हा रकाना नाही. चार ओळी आहेत: चरबी, आम्ल, दोन्हींचं मिश्रण, आणि वेगळं आलं तर का आलं असेल. त्या मुलीने तिसरी काचनळी भरली. ५५ अंश हा काही मोठा आकडा नव्हे, तेव्हा पॅराफिनऐवजी बीकरमधलं साधं पाणीच पुरलं. मिनिटाला एक अंश या गतीने तापवत ती भिंगातून बघत बसली. पन्नाशी गाठायच्या आधीच पुडीची कड ओली झाली. "सर, जालें!" ती ओरडली आणि शेजारच्या बाकावरची चौघं आपापले वॉच ग्लास घेऊन खल मागायला आली.