कॉर्डलेस की सिमवाला टेबल फोन? डबा उचलायच्या आधी हे बघा

इंदूरला जेल रोडवर कुठल्याही दुकानात जाऊन "भिया, घर के लिए बिना तार वाला फोन दिखाना" म्हटलं की काउंटरवर दोन वेगळेच डबे येऊ शकतात. एकात छोटा हँडसेट आणि तो उभा ठेवायचा बेस असतो, हा कॉर्डलेस. दुसऱ्यात जुन्या लँडलाईनसारखाच दिसणारा टेबलावरचा फोन, रिसीव्हरला गुंडाळी वायर, मागे एक छोटा अँटेना, हा सिमवाला. दोन्ही डब्यांवर कॉलर आयडी लिहिलेलं, दोन्हीवर वायरलेस लिहिलेलं, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी घ्यायला गेलेला माणूस यातला जो दिसायला बरा तो उचलून आणतो. मग घरी आल्यावर कळतं की हा चालतच नाही, कारण तो ज्याच्यावर चालतो ते घरात नाहीच.

म्हणून आधी घरात काय येतंय ते बघा. भिंतीतून टेलिफोनची तार येत असेल आणि ती लाईन चालू असेल, किंवा फायबरचं कनेक्शन असून त्याच्या मोडेमला मागे फोन लावायचं पोर्ट असेल आणि प्लॅनमधे फोन नंबर मिळालेला असेल, तर कॉर्डलेस चालेल. यातलं काहीच नसेल तर कॉर्डलेस आणून फायदा नाही, हँडसेट बेसवर बसून नुसता चार्ज होत राहील, डायल टोन काही येणार नाही. दुसऱ्या फोनला भिंतीतून काहीच नको, त्याला सिम कार्ड पाहिजे आणि घरात टॉवरचा सिग्नल पाहिजे. तो दिसतो लँडलाईनसारखा पण आतून मोबाईल आहे, नंबरही मोबाईलचाच, दहा आकडी, इंदूरचा ०७३१ चा कोड वगैरे काही नाही.

रेडिओ दोघांतही आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. कॉर्डलेसमधे तो हँडसेट आणि बेस यांच्यामधेच चालतो, बेसच्या पुढे सगळा प्रवास तारेतून. आजकालचे बरेचसे कॉर्डलेस डेक्ट नावाच्या डिजिटल पद्धतीवर चालतात, त्यात कंपन्या घराच्या आत साधारण ५० मीटर आणि मोकळ्या जागेत ३०० मीटरपर्यंत रेंज सांगतात. पण रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंती मधे आल्या की हा आकडा बराच खाली येतो, तेव्हा ५० मीटर हे मनात धरून बसू नका. सिमवाल्यात रेडिओ फोन आणि टॉवर यांच्यामधे असतो, त्यामुळे तो उचलून मुलीच्या घरी पुण्याला नेला तरी तोच नंबर वाजेल.

लोकांचा गोंधळ होतो त्याला कारणही आहे. २००० नंतरच्या वर्षांत डब्ल्यूएलएल फोन, म्हणजे तारेऐवजी टॉवरवरून लाईन येणारे, घरोघरी आले होते, टाटा इंडिकॉमचा वॉकी आठवत असेल, रिलायन्सचेही होते, टेबलावर ठेवायचे, तार नाही, आणि नंबर मात्र लँडलाईनसारखा शहराच्या कोडचा. त्याच्याही आधी आयआयटी मद्रासमधे प्रोफेसर अशोक झुनझुनवाला यांच्या टीमने कॉरडेक्ट बनवलं होतं, त्यात हेच डेक्ट तंत्र वापरून एक्सचेंजच्या बाजूने थेट घरापर्यंत बिनतारी लाईन आणायची सोय होती, म्हणजे कॉर्डलेसचं तंत्र एकेकाळी दुसऱ्या फोनचंही काम करत होतं. तेव्हा दोघांना एकच समजणारे आपले काकालोक अगदीच चूक नव्हते. पण ते वॉकीसारखे, सीडीएमए नावाच्या जुन्या मोबाईल पद्धतीवरचे फोन आता गेले, ते नेटवर्कच बंद झाले, माळ्यावरून जुना वॉकी काढून त्यात आजचं सिम घालायचा प्रयत्न करू नका.

आता कॉर्डलेस लावायचा कसा. बेसला दोन वायरी जातात, एक अडॅप्टरची आणि एक टेलिफोनची बारीक वायर जिला आरजे-११ चा छोटा प्लास्टिकचा टोक असतो. तारेवर जुनं ब्रॉडबँड असेल तर मधे स्प्लिटर लागतोच, फोनच्या बाजूचं भोक बघून वायर तिथेच घाला, स्प्लिटर नसेल तर खरखर येते आणि कॉलर आयडीही कधी येतो कधी नाही. फायबर असेल तर वायर भिंतीत नाही, मोडेमच्या मागे फोनचं चित्र असलेल्या पोर्टमधे जाते. बेस उंचावर, घराच्या मधोमध ठेवा, गोदरेजच्या कपाटाला चिकटून, फ्रिजवर किंवा मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवू नका. जुने २.४ गिगाहर्ट्झवाले सेट वायफायशी भांडतात, डेक्टवाल्यांना तो त्रास नाही कारण त्यांची फ्रीक्वेन्सी वेगळी.

बॅटरी हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण चांगले फोन इथेच वाया जातात. हँडसेटमधे बहुतेक वेळा रिमोटसारखे दोन ट्रिपल ए सेल असतात, पण ते रिमोटचे साधे सेल नाहीत, निकेल मेटल हायड्राईडचे रिचार्जेबल आहेत, १.२ व्होल्टचे. वर्षा दोन वर्षांनी ते कमजोर झाले, बोलता बोलता फोन बंद पडायला लागला की घरातलं कोणीतरी किराणा दुकानातून साधे १.५ व्होल्टचे सेल आणून घालतं आणि हँडसेट परत बेसवर ठेवतं. साधा सेल चार्ज करायचा नसतोच, तो गळतो, कधी फुटूही शकतो आणि आतली पत्ती खाऊन टाकतो. सेलवर रिचार्जेबल लिहिलंय ना ते वाचूनच घ्या. नवीन फोन आणल्यावर पहिल्यांदा सहा सात तास बेसवर ठेवायचा, मधे मधे उचलून बघायचा मोह टाळा, आणि सेलवर प्लास्टिकचा पातळ कागद असेल तर तो आधी ओढून काढा.

मग मेन्यूमधे जाऊन तारीख आणि वेळ घाला, नाहीतर कॉलर लिस्टमधे मिस कॉल कधीचा आहे ते कळणारच नाही. डायलिंग टोनवर आहे का बघा, पल्सवर नको. दुसरा हँडसेट घेतला असेल तर तो बेसवर रजिस्टर करावा लागतो, बेसचं बटण दाबून धरायचं, हँडसेटवर रजिस्टर निवडायचं, पिन मागितला तर बऱ्याच सेटमधे तो ०००० असतो. आणि हे झालं की कॉर्डलेसचा एक फायदा मिळतो जो सिमवाल्यात नाहीच, एक हँडसेट खाली आजीजवळ, एक वर, आणि दोन्हीमधे इंटरकॉम, फुकट, लाईनसुद्धा वापरली जात नाही. दुमजली घरात पाय दुखणाऱ्या माणसाला "अगं ए, वर ऐकू येतंय का" असं जिन्यातून ओरडावं लागत नाही ही छोटी गोष्ट नाही.

कॉलर आयडी दोन्हीवर लिहिलेला असला तरी दोन्हीत तो वेगळ्या रस्त्याने येतो. सिमवाल्यात नंबर मोबाईल नेटवर्कवरून आपोआप येतो, सिम घातलं की झालं, कोणाला काही सांगायला नको. कॉर्डलेसमधे नंबर तारेतून येतो आणि त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, टेलिफोन कंपनीने तुमच्या लाईनवर ती सोय चालू केलेली पाहिजे, नसेल तर कितीही महाग फोन आणा नंबर दिसणार नाही, अर्ज किंवा फोन करून चालू करवून घ्यावी लागते. दुसरी, नंबर पाठवायच्या पद्धती दोन आहेत, एफएसके आणि डीटीएमएफ. एफएसकेमधे नंबर सहसा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत येतो, म्हणून पहिल्याच रिंगला घाईने फोन उचलला की नंबर दिसायच्या आधीच गेला. डीटीएमएफमधे तो रिंग वाजायच्या आधीच येतो. बरेच फोन दोन्ही ओळखतात, काहींमधे मेन्यूत निवडावं लागतं. फायबरवर तर हा सिग्नल मोडेमच तयार करतो, मोडेम एका पद्धतीवर आणि फोन दुसऱ्या पद्धतीवर असेल तर रिंग वाजते, बोलणं होतं, आणि नंबरची जागा कोरी. फोन खराब म्हणून दुकानात परत न्यायच्या आधी ही सेटिंग बघा, आणि इन्स्टॉलेशनवाला आलेला असेल तेव्हाच त्याच्यासमोर मोबाईलवरून घरच्या नंबरवर कॉल लावून नंबर दिसतो का हे बघून घ्या, तो गेल्यावर परत बोलवणं कठीण.

नाव दिसण्याबद्दलही समजून घ्या. मोबाईलवर ॲप घालून अनोळखी माणसाचं नाव बघायची सवय लागलेली असते, ती या दोन्हीत विसरा. नाव खात्रीने दिसायचं असेल तर ते फोनच्या स्वतःच्या फोनबुकात तुम्ही घातलेलं असलं पाहिजे. म्हणून आत्याकडे फोन लावून दिला तेव्हा मी सगळ्यांचे नंबर त्यात बसून टाईप केले, वेळ लागतो, पण मुलगा, सून, डॉक्टर, शेजारचे काका अशी नावं स्क्रीनवर यायला लागली की म्हातारं माणूस निर्धास्त होऊन फोन उचलतं.

यात एक शून्याची भानगड आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावायचा तर आधी ० लावावा लागतो. कॉलर आयडीवर मात्र मोबाईल नंबर पुष्कळदा नुसता दहा आकडी दिसतो. मग होतं काय, आजी कॉलर लिस्टमधून तोच नंबर निवडून परत लावते आणि तो लागत नाही. नंबर एडिट करून पुढे ० लावून डायल करायची सोय बऱ्याच सेटमधे आहे, पण ती आजीला जमेलच असं नाही. त्यामुळे जवळच्या पाच सहा माणसांचे नंबर शून्यासकट स्पीड डायलला लावून ठेवा, परत फोन करायचा तर लिस्टमधून नाही, १ नाहीतर २ दाबून धरून, हे एकदा शिकवलं की झालं. आणि फोनबुकात नंबर घालून झाले की एकदा त्या माणसाला फोन करायला सांगून नाव उमटतंय का ते बघा, काही सेट शून्य असलेला आणि नसलेला नंबर वेगळा धरतात. सिमवाल्या फोनला हे काहीच लागू नाही, तो मोबाईलच आहे, आला तसा नंबर परत लागतो.

सिमवाल्याचं लावणं सोपं. फोन बंद करून सिम घाला, सिम छोटं आणि खाच मोठी असेल तर अडॅप्टर लागेल, अँटेना पक्का फिरवा, चार्ज करा, खिडकीजवळ ठेवून सिग्नलच्या काड्या बघा. पण विकत घ्यायच्या आधी एक प्रश्न दुकानदाराला विचाराच, हा टू जी आहे का फोर जी. दुकानांत असे भरपूर सेट आहेत जे फक्त टू जीवर चालतात, आणि जिओचं टू जी नेटवर्क नाहीच, पहिल्यापासून सगळं फोर जीवर आहे. जिओचं सिम घालायचं असेल तर डब्यावर फोर जी आणि व्होल्टी (म्हणजे फोर जीवरूनच बोलायची सोय) दोन्ही लिहिलेलं पाहिजे, आणि शक्य असेल तर आपलंच सिम दुकानात घालून कॉल लावून बघा.

दुसरं म्हणजे रिचार्ज. लँडलाईनचं बिल येतं तसं याचं येत नाही, प्लॅनची मुदत संपली की आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही जातं, आणि घरातल्या माणसाला वाटतं कोणी फोनच करत नाहीये. दूर राहणाऱ्या मुलांनी ही तारीख आपल्या मोबाईलमधे लावून ठेवावी. फायदा हा की यावर मेसेज येतात, बँकेचा ओटीपीही येतो, कॉर्डलेसवर ते होत नाही.

लाईट गेली की कोण चालतं, हा प्रश्न पावसाळ्यात इंदूरमधे पडतोच. सिमवाल्यात बॅटरी आत असते, काही तास आरामात निघतात. कॉर्डलेसचा बेस मात्र अडॅप्टरवर चालतो, लाईट गेली की हँडसेट फुल चार्ज असला तरी मुका. जुन्या तांब्याच्या तारेत एक्सचेंजकडूनच ४८ व्होल्टचा करंट यायचा, म्हणून साधा वायरवाला फोन अंधारातही वाजायचा. तांब्याची लाईन अजून असेल तर कॉर्डलेसच्या जोडीला तो जुना फोन पॅरलल लावून ठेवा, फेकू नका. फायबर झालं असेल तर ही युक्ती चालत नाही कारण मोडेमच बंद पडतो, मग मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या किंवा छोटा यूपीएस लावा.

मला विचाराल तर ज्यांचा ०७३१ चा नंबर वर्षानुवर्षांचा आहे, सगळ्या नातेवाईकांच्या डायरीत तोच आहे, त्यांनी तो सोडून सिमवाला घेऊ नये. तार काढून फायबर टाकलं तरी नंबर सहसा तोच ठेवता येतो, तेव्हा तो ठेवून कॉर्डलेस लावा. जिथे लाईन नाही आणि आई किंवा वडील एकटे आहेत, टचस्क्रीन जमत नाही, तिथे मोठ्या बटणांचा सिमवाला टेबल फोनच बरा. आणि एक तिसरा डबाही मिळतो ज्यात सिम जातं आणि मागे आरजे-११ चं भोक असतं, त्याला कॉर्डलेसचा बेस जोडला की लाईन नसतानाही हँडसेट घरभर फिरवता येतो, पण तो सगळ्या दुकानांत मिळत नाही, विचारावा लागतो.

कुठलाही घेतलात तरी स्क्रीनवरचे आकडे वाचायला मात्र शिकवा. १४० ने सुरू होणारा नंबर म्हणजे काहीतरी विकायला केलेला फोन, बँका आणि विमा कंपन्यांना आता १६०० ची वेगळी सिरीज दिलेली आहे, आणि साध्या दहा आकडी मोबाईलवरून कोणी "मैं बैंक से बोल रहा हूँ" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा, उत्तर द्यायचं नाही. विक्रीचे फोन फार येत असतील तर त्याच फोनवरून १९०९ ला कॉल करून असे फोन नकोत म्हणून आपला नंबर नोंदवता येतो, लँडलाईनवरूनही आणि सिमवरूनही.