स्क्रीनला बोटाची ऊब लागत नाही

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांमध्ये एक गोष्ट हमखास ऐकू येते: "मोबाईलला बोटाची गरमी लागते भाऊ, म्हणून हातमोज्यातून चालत नाही." वर्षानुवर्षं फिरणारा हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक जाड, उबदार हातमोजे घेऊन पैसे वाया घालवतात, हे पाहून वाईट वाटतं.

स्क्रीन तापमान मोजतच नाही. काचेखाली विद्युतवाहक पारदर्शक थराची जाळी असते. शरीरातून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकताच तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन ती जागा ओळखतो. लोकर मध्ये आली की बोट काचेपासून दूर राहतं, बदल पुरेसा होत नाही.

घरी करून बघा. फ्रीजमधला गार स्टीलचा चमचा उघड्या हातात धरून त्याची पाठ स्क्रीनवर टेकवा. बहुतेक फोनवर चालतो. कोमट प्लास्टिकचा चालत नाही.

टचस्क्रीनच्या हातमोज्यात बोटांच्या टोकाला चांदी, तांबं किंवा कार्बनचा अंश असलेला धागा विणतात. तो आतून कातडीला भिडायला हवा. म्हणून सीताबर्डीच्या बाजारात घेताना बोटं घट्ट बसतात का ते आधी बघा, टोक लोंबत असेल तर महागडा जोडही हटून बसतो. काही फोनच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवता येते, मग पातळ साधे मोजेही चालतात.

थंडीत उघडं बोटही कधी दाद देत नाही, ते बहुधा कातडी कोरडी पडल्यामुळे.