मुंबईच्या मलवाहिन्या : दीडशे वर्षांचा उताराचा प्रश्न

१५० मिलिमीटर व्यासाच्या मलवाहिनीतून सेकंदाला जेमतेम दोन लिटर सांडपाणी जात असेल, तर तिला हजार मीटरमागे सुमारे सहा मीटर उतार द्यावा लागतो. त्याहून कमी दिला की पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली येतो, रेती आणि मैला तळाला बसतो आणि वाहिनी तुंबू लागते. म्हणजे सपाट जमिनीवर एक किलोमीटर पुढे जाईपर्यंत खड्डा दुमजली घराएवढा खोल होतो. मुंबईची अडचण अशी की ती खाड्या बुजवून उभी राहिली. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खिंड बंद केली, पण आत कोरडी पडलेली भायखळा-कामाठीपुऱ्याची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खालीच राहिली. शहराच्या मलनिःसारणाचे पुढचे बहुतेक निर्णय याच गोष्टीने ठरवले.

मलवाहिन्या येण्याआधी मैला माणसेच वाहून नेत. दोन इमारतींमधली घरगल्ली ही मुळात त्यांच्या वाटेसाठी सोडलेली जागा. या सेवेपोटी घेतला जाणारा हलालखोर कर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातही होता. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेले, हे वेगळे सांगायला नको.

१८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि सगळे बिघडले. पाणी आले, पण ते बाहेर नेणारी गटारे नव्हती. घरगल्ल्या आणि शोषखड्डे ओसंडू लागले. जुना ‘मेन ड्रेन’ मूळचा उघडा नाला. वरळीला लव्हग्रोव्हच्या झडपांतून तो समुद्राला मिळे, आणि झडपा ओहोटीलाच उघडत. भरती असली की तो मैला सखल भागात तसाच साचून राही. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. पुढे मैला वरळीला सोडायचा की कुलाब्याला, यावर अभियंत्यांत बराच वाद झाला. वरळी ठरली. नैसर्गिक उतार नसल्याने लव्हग्रोव्हला वाफेच्या यंत्रांचे उदंचन केंद्र, म्हणजे सांडपाणी उपसून वर उचलणारे केंद्र, बसवावे लागले.

त्या काळातल्या विटांच्या वाहिन्या अंडाकृती, निमुळते टोक खाली. कारण साधे आहे : रात्री पाणी कमी झाले तरी अरुंद तळात त्याची खोली टिकते आणि वेग राहतो. गोल नळात तेच पाणी पसरून मंदावते. माझ्या मते मुंबईच्या जमिनीखालचे हे सर्वांत शहाणपणाचे बांधकाम आहे.

शहर उत्तरेला वाढले तशा मलनिःसारणाच्या सात झोनांत त्याची विभागणी झाली : कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. नंतरच्या वाहिन्या बहुधा सिमेंट काँक्रीटच्या. त्यांचे दुखणे छतापासून सुरू होते. साचलेल्या मैल्यात प्राणवायू संपला की तळाच्या बुळबुळीत थरातले जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. पाणी खळबळले की तो वायू वर येतो आणि ओल्या छतावर दुसरे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. हे आम्ल सिमेंट खाते. वाहिनीचे छत पातळ होत जाते, वरची माती आत झिरपते आणि एक दिवस रस्ता खचतो. म्हणून खड्डा दिसला की फक्त डांबर ओतणे हा शुद्ध अपव्यय. आधी कॅमेरा आत सोडून वाहिनी पाहावी लागते. छत शाबूत असेल तर रस्ता न खोदता आतून काचतंतूचे किंवा रेझिनचे अस्तर चढवता येते.

रोजची तक्रार मात्र तुंबण्याची. तेल-तूप, सॅनिटरी पॅड, बांधकामाचा राबिट, गाळ. पूर्वी बांबूच्या लांब कामट्या जोडून आत ढकलत. आता जेटिंग यंत्र असते. नळी खालच्या बाजूच्या मॅनहोलमधून वर सोडायची. तोटीच्या मागच्या छिद्रांतून येणारा जोरदार फवारा तिला पुढे ढकलतो आणि गाळ मागे, खालच्या मॅनहोलकडे ओढून आणतो. तिथे सक्शनने तो उपसायचा. उलट, वरून पाणी मारले की गाळ पुढच्या वाकणावर जाऊन आणखी घट्ट बसतो.

संरक्षक साधने आणि खबरदारीशिवाय माणूस आत उतरवण्यावर हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या वारसांना १० लाख रुपये आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, हा समज जीवघेणा आहे.

पावसाळ्यात वाहिन्यांची दोन जाळी एकमेकांत मिसळतात. कागदावर पर्जन्यजलवाहिन्या वेगळ्या आहेत, मलवाहिन्या वेगळ्या. पण साडेचार मीटरची भरती असेल तर पर्जन्यवाहिन्यांची तोंडे पाण्याखाली जातात, रस्त्यावर गुडघाभर पाणी चढते आणि कोणीतरी मलवाहिनीचे झाकण उघडते. पाणी ओसरते खरे. पण मलवाहिनी पावसाच्या हिशेबाने बांधलेली नसते, त्यामुळे गाळ थेट उदंचन केंद्राच्या पंपांपर्यंत जातो. उघडे तोंड गढूळ पाण्याखाली दिसत नाही, ते वेगळेच. २०१७ च्या ऑगस्टमधल्या अशा एका मृत्यूनंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याला जोर आला.

सांडपाण्यावरची प्रक्रिया ही या इतिहासातली सर्वांत उशिरा आलेली गोष्ट. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ पासून वरळी आणि वांद्र्याला समुद्राखालून तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे काढले, ते चाळलेला मैला दूर नेऊन पातळ करण्यासाठी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडण्याचे निकष बदलले, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ते कडक केले आणि नव्या प्रक्रिया केंद्रांच्या निविदा पुन्हा पुन्हा अडकल्या. २०२२ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची कंत्राटे दिली गेली.

हे सारे वाहिनीत शिरलेल्या मैल्यापुरते आहे. वस्त्यांमधली कित्येक सार्वजनिक शौचालये अजून सेप्टिक टाकीवर चालतात. गल्लीत टँकर शिरत नाही, टाकी ओसंडते, पाणी शेजारच्या उघड्या गटारात आणि तिथून मिठी नदीत जाते. तिथे उतार भरपूर आहे, फक्त मलवाहिनी नाही.