एसजीपीटीचा आकडा किती अंशांवरचा?

लिव्हरच्या रिपोर्टवर एसजीपीटी या लिव्हरमधल्या एन्झाइमच्या आकड्यापुढे ‘यू/एल’, म्हणजे लिटरला इतकी युनिट, असं छापलेलं असतं. शुगरच्या मिलिग्रॅमसारखंच हेही वजन असेल, असं पुष्कळांना वाटतं. पण हा आकडा वेगाचा आहे. लिटरभर रक्तद्रवातलं एन्झाइम एका मिनिटात किती मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) पदार्थ बदलतं, ते तो सांगतो. तेवढंसं एन्झाइम तोलणार कसं, म्हणून त्याच्या कामावरून त्याला जोखायचं.

मोड आलेल्या धान्यातलं डायास्टेज हे एन्झाइम १८३३ मध्ये वेगळं काढलं, एन्झाइमच्या वेगाचं समीकरण १९१३ मध्ये आलं, ते सगळं पुस्तकांत आहेच. पॅथॉलॉजी लॅबची गोष्ट सुरू होते १९५४-५५ पासून, हार्ट अ‍ॅटॅकनंतर रक्तात एसजीओटी हे एसजीपीटीसारखंच एन्झाइम वाढतं हे दिसल्यावर. १९५७ मध्ये रंगावरून मोजायची सोपी पद्धत आली: नळ्या ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवायच्या, एसजीपीटीला अर्धा तास, एसजीओटीला एक तास, शेवटी कॉस्टिक सोडा घातला की तपकिरी रंग चढतो, तो कलरीमीटरवर वाचायचा. अशा प्रत्येक पद्धतीचं युनिट वेगळं, एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना.

१९६१ मध्ये एकच युनिट ठरलं: मिनिटाला एक मायक्रोमोल. इथवर ठीक. पण तापमान धरलं २५ अंश, आणि घोळ तिथे झाला. दहा अंश चढले की एन्झाइमचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे तेच रक्त २५ आणि ३७ अंशांवर मोजलं तर आकड्यात दुपटीच्या आसपास फरक. शिवाय वॉटर बाथ पाणी तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात मुंबईत गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच २५ च्या वर असतं, मग काय बर्फ टाकत बसायचं? युरोपातल्या हिवाळ्यात बसून ठरवलेला आकडा वाटतो तो.

१९६४ मध्ये तो ३० वर नेला. गॅलियम हा धातू २९.७६ अंशांना वितळतो, त्यावर थर्मामीटर तपासता येतो, असा ३० च्या बाजूने एक मुद्दा होता. मुद्दा खरा, पण यकृत ३० अंशांवर चालत नाही. अनेक लॅब ३७ वरच मोजत राहिल्या आणि अखेर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धतीही ३७ अंशांवर आल्या. चाळीस वर्षं गेली.

मधल्या काळात १९९९ मध्ये ‘कॅटल’ हे सेकंदावर आधारलेलं अधिकृत एकक आलं. लिटरला एक मायक्रोकॅटल म्हणजे ६० यू/एल. आपल्याकडच्या रिपोर्टवर ते सहसा दिसत नाही. एसजीपीटीचं नावही एएलटी झालं, तरी दवाखान्यात विचारतात ते ‘एसजीपीटी किती आलं?’ असंच.

तापमान एक झालं तरी दादर आणि परळच्या दोन लॅबचे आकडे वेगळे येऊ शकतात. या एन्झाइमला कामासाठी बी-६ जीवनसत्त्वाचं एक रूप लागतं. लॅब वापरतात त्या तपासणीच्या काही किटमध्ये ते घातलेलं असतं, काहींत नसतं. नसेल तिथे आकडा कमी येतो.