दगडातल्या फटी वाचणारा डाऊ

समाजमाध्यमांवर अधूनमधून एका संगमरवरी दगडाचा फोटो फिरतो. दगडावर बारीक आडव्या फटींच्या रांगाच रांगा आणि खाली ओळ: 'जगातलं पहिलं मतदानयंत्र'. त्याहून उत्साही मंडळी 'ग्रीकांचा संगणक' म्हणतात. दोन्ही चूक. अथेन्सच्या या क्लेरोटेरियनमध्ये कुणी मत टाकत नसे. न्यायसभेत, म्हणजे खटल्यांचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या सभेत, आज कोणी बसायचं, हे त्यावर चिठ्ठ्या टाकून ठरत असे. ते कसं, हे पटेल अशा रीतीने मांडलं स्टर्लिंग डाऊ (1903–1995) यांनी.

डाऊ हार्वर्डचे आणि शिलालेख हा त्यांचा प्रांत. 1931 साली अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या चौकात, अमेरिकी उत्खनन सुरू झालं आणि कोरीव दगड भराभर बाहेर येऊ लागले. शिलालेखाचा अभ्यासक नुसत्या फोटोवर भिस्त ठेवत नाही. दगड धुऊन त्यावर ओला जाड गाळणकागद पसरायचा, राठ केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांत बसवायचा आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढायचा. मध्ये हवा राहिली तर अक्षर उठत नाही, घाई केली तर कागद फाटतो. अशा कामात मुरलेल्या माणसाला अक्षरं नसलेल्या फटीही वाचाव्याशा वाटल्या, यात नवल नाही.

दुसरा धागा पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरच्या जुन्या हस्तलिखिताचा. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेलं अथेन्सच्या राज्यव्यवस्थेचं वर्णन 1891 मध्ये लंडनहून छापलं गेलं. त्यात न्यायसभेच्या निवडीची पद्धत पायरीपायरीने दिली आहे, पण क्लेरोटेरियन म्हणजे चिठ्ठ्या काढायची खोली, असाच समज होता. डाऊंनी 1937 आणि 1939 मध्ये मजकूर आणि दगड शेजारी ठेवले आणि सगळं जुळलं: खोली नव्हे, हे दगडच.

आता खरी गंमत. अथेन्सचे नागरिक दहा प्रशासकीय गणांत वाटलेले होते. प्रत्येक गणाला दोन क्लेरोटेरियन, प्रत्येकावर फटींचे पाच उभे स्तंभ. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक पात्र नागरिकाकडे एक पट्टी असे, आधी काशाची, पुढे लाकडी. तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि आल्फा ते काप्पा या दहा अक्षरांपैकी एक. सकाळी आला की त्याने आपल्या अक्षराच्या पेटीत पट्टी टाकायची. पेट्या हलवल्या जात. मग अधिकारी प्रत्येक पेटीतून एक पट्टी काढी. ज्याची निघे त्याने त्या पेटीतल्या पट्ट्या त्याच अक्षराच्या स्तंभात खोचायच्या. हा खोचणाराही चिठ्ठीनेच, कारण रोज तोच माणूस असला तर लबाडी करील, असं मूळ मजकुरात स्पष्ट लिहिलं आहे.

दगडाच्या कडेला नळी. तिच्यात काळे आणि पांढरे फासे ओतायचे, दर पाच पट्ट्यांमागे एक. समजा 500 जणांची एकच सभा हवी आहे. गणामागे 50, यंत्रामागे 25, म्हणजे आडव्या ओळी पाच. यंत्रावर 100 पट्ट्या असतील तर ओळी 20, म्हणून पांढरे फासे 5 आणि काळे 15. नळीतून एकेक फासा सोडायचा. पहिला वरच्या ओळीचा, दुसरा तिच्या खालच्या ओळीचा. पांढरा आला की ओळीतले पाचही आत. काळा आला की पाचही घरी.

प्रत्येकाची संधी बरोबर 1/4. शिवाय प्रत्येक ओळीत पाच वेगवेगळ्या अक्षरांचा एकेक माणूस असल्याने कुठल्याही अक्षराचं पारडं जड होत नाही. आजचा संख्याशास्त्रज्ञ याला स्तरित आणि समूह नमुनानिवड यांची सांगड म्हणेल: थर अक्षरांचे, समूह ओळींचे. चार खोचणाऱ्यांनी संगनमत करून चार मित्र एका ओळीत बसवले, तरी त्यांची संधी 1/4 च राहते, फक्त ते एकत्र आत येतात किंवा एकत्र बाहेर जातात. त्यावरही तोड होती. एकाहून जास्त सभा असल्या की निवडलेला प्रत्येक जण पुन्हा अक्षर कोरलेलं ओकफळ उचले आणि त्यावरून त्याची सभा ठरे. लाच द्यायची तर कोणाला?

यात देवाचा कौल होता, असं एकेकाळी विद्वानही म्हणत. या वर्णनात कौल नाही, मुहूर्त नाही, आहे फक्त चोरीची धास्ती. लॉटरीचा 'लकी नंबर' विकणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. सापडलेले दगड बहुतेक अ‍ॅरिस्टॉटलनंतरचे आहेत. अगोराच्या संग्रहालयातल्या तुकड्यावर तर पाच नव्हे, अकरा स्तंभ आहेत, तेव्हा तो वेगळ्याच निवडीसाठी असणार. आणि नळ्या टिकलेल्या नाहीत. खाली खुंटी फिरवून एकेक फासा सोडण्याची जी रचना चित्रांत दाखवतात, ती दगडावरच्या खाचांवरून बांधलेली अटकळ आहे. फासे सारख्या मापाचे नसले तर अशी नळी तुंबणार, हे ती बनवून पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.