पेनमध्ये उरलेला अर्धा मिली

महिन्याचं चौथं इंजेक्शन टोचून झालं, पेन खिडकीच्या उजेडात धरलं, तर काचेच्या नळीत अजून औषध आहे. बटण फिरवून पाहावं तर ते ‘1’ पर्यंत जात नाही, मध्येच अडतं. मौंजारो हे मधुमेहावर आणि वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा टोचायचं औषध. त्याचं 2.5 मिलिग्रॅमचं क्विकपेन, म्हणजे औषध भरूनच मिळणारं इंजेक्शनचं पेन, ऑगस्ट 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा त्याची किंमत 14,000 रुपये होती. त्यात चार डोस, म्हणजे एका डोसाचे 3,500. मग तळाशी उरलेलं औषध कचऱ्यात टाकायला सांगलीत काय नि साताऱ्यात काय, कुणाचाच हात धजावत नाही. दुधाचं पातेलं विसळून ते पाणी चहात ओतणारी माणसं आपण.

त्यावर लोकांनी काढलेला तोडगा असा, की इन्शुलिनची सिरिंज पेनच्या रबरी बुचात खुपसायची, उरलेलं ओढून घ्यायचं आणि पाचवा डोस म्हणून टोचायचं. ब्रिटनमध्ये याला ‘गोल्डन डोस’ असं नाव पडलं आहे. फोनवरच्या व्हिडिओंना सरहद्द नसते, त्यामुळे ही युक्ती आपल्याकडे यायला वेळ लागत नाही. पण तो उरलेला अर्धा मिली मुळात डोस म्हणून पेनमध्ये भरलेलाच नसतो.

क्विकपेनचा एक डोस 0.6 मिलीचा. चार डोसांचे झाले 2.4 मिली. नळीत याहून जास्त औषध भरलेलं असतं. प्रत्येक इंजेक्शनआधी नवी सुई लावून बटण दोन ‘टक’ फिरवायचं आणि सुईचं तोंड वर धरून थोडं औषध हवेत सोडायचं असतं. याला प्रायमिंग म्हणतात. सुईतली आणि नळीच्या तोंडाशी साठलेली हवा त्यातून निघून जाते. या चार वेळच्या प्रायमिंगचा खर्च वरच्या भरीतून भागतो. शिवाय मागचा रबरी दट्ट्या नळीच्या अगदी टोकाला टेकेपर्यंत पुढे आला, तर शेवटच्या डोसाला दाब नीट बसणार नाही. चौथा डोसही पहिल्याइतकाच भरावा म्हणून दट्ट्यापुढे थोडं औषध शिल्लक राहील असंच पेन बनवलेलं असतं. बोअरवेलची मोटर कोरडी पडू नये म्हणून तिच्यावर पाणी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

ही शिल्लक प्रत्येक पेनमध्ये सारखीही नसते. कुणी प्रायमिंग दोनदा करतं, कुणी करतच नाही. कुणी बटण दाबल्यावर सावकाश पाच आकडे मोजण्याआधीच सुई बाहेर काढतं आणि अर्धवट डोस कातडीवर ओघळतो. कुणी सुई पेनवर तशीच ठेवतं, मग औषध ठिबकतं आणि हवा आत शिरते. त्यामुळे एकाच्या पेनमध्ये 0.3 मिली उरतं, तर दुसऱ्याच्यात 0.6. आधीच्या आठवड्यांत डोस कमी गेले असतील, तर शेवटी शिल्लक जास्त दिसते आणि माणूस खूश होतो, की बघा, आमच्या पेनमध्ये पूर्ण डोस निघाला! खरं तर तो त्याचाच, आधी न मिळालेला डोस असतो.

सगळ्यात मोठा घोळ सिरिंजचा. आपल्याकडे तो जास्तच धोक्याचा आहे, आणि परदेशी व्हिडिओ बनवणाऱ्यांना त्याची कल्पनाही नसते. भारतात इन्शुलिनच्या दोन सिरिंजा चालतात. लाल टोपणाची यू-40, म्हणजे 1 मिलीत 40 युनिट. केशरी टोपणाची यू-100, म्हणजे 1 मिलीत 100 युनिट. घरात आई-वडिलांपैकी कुणी बाटलीतलं 40 युनिटचं इन्शुलिन घेत असेल, तर फ्रिजच्या दारात लाल टोपणाच्याच सिरिंजा असणार. मिरजेच्या दवाखान्याबाहेरच्या मेडिकलमध्ये नुसती ‘इन्शुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं, तरी हातात हीच पडू शकते. व्हिडिओतला माणूस मात्र यू-100 धरून बोलत असतो.

आता हिशोब करा. 15 मिलिग्रॅमच्या पेनमध्ये 0.6 मिलीत 15 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं. कुणाला त्यातून सुरुवातीचा 2.5 मिलिग्रॅमचा डोस काढायचा आहे असं धरू. त्यासाठी 0.1 मिली हवं, यू-100 वर 10 युनिट. तोच 10 चा आकडा यू-40 वर 0.25 मिली होतो, म्हणजे 6.25 मिलिग्रॅम. आकडा तोच, सिरिंजही दिसायला तशीच, पण औषध अडीचपट. आणि सिरिंजच्या कांडीवर मिलिग्रॅम कुठेच लिहिलेले नसतात. युनिट हे इन्शुलिनचं माप आहे. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड किंवा त्याच्यासारखंच दुसरं औषध सेमाग्लुटाइड, यांच्याशी त्याचा संबंध नाही. ‘मी 25 युनिट घेते’ असं कुणी सांगितलं, तर पेन कितीचं आणि सिरिंज कुठली हे कळल्याशिवाय त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

पेनची निम्मी किंमत औषधाची आणि निम्मी मापाची, असं म्हटलं तरी चालेल. सिरिंज खुपसली की ते माप हातातून गेलं.

दुसरा प्रश्न जंतूंचा. पेनमधल्या औषधात बेन्झिल अल्कोहोल आणि फिनॉल ही जंतू वाढू न देणारी द्रव्यं असतात. म्हणूनच एकच पेन चार वेळा वापरता येतं. पण ती गृहीत धरतात ते पेनच्या बारीक सुईने, बूच स्पिरिटने पुसून, चार वेळा टोचणं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पंखा चालू असताना, हवेतून फिरलेली सिरिंज पाचव्यांदा खुपसणं त्यात धरलेलं नाही. सिरिंजने औषध ओढलं की नळीत पोकळी होते, औषध सहज येत नाही. मग कुणी आधी हवा भरतं, कुणी दोन-तीनदा खुपसतं, तर कुणी बूचच उचकटतं. बूच उचकटलं की निर्जंतुक हा शब्द संपला. वारंवार टोचल्याने रबराचा सूक्ष्म तुकडा औषधात पडू शकतो, तो वेगळाच.

यातून होतं काय, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पंचाईत तिथेच आहे, कारण पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून माणूस दर महिन्याला तेच करतो. झालं, तर टोचलेली जागा लाल, गरम आणि टणक होते, पू धरतो. काही जंतू फार संथ वाढणारे असतात. क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी काही पाण्यात आणि धुळीत राहतात. त्यांच्यामुळे आलेली गाठ इंजेक्शननंतर कित्येक आठवड्यांनी दिसते आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. तोवर आपण पेनमधलं काही काढलं होतं, हेच माणूस विसरलेला असतो.

बाटली, म्हणजे व्हायल, वापरणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. मौंजारोची भारतातली बाटली एकाच डोसासाठी असते, 0.5 मिलीची, आणि तिच्यात जंतुरोधक द्रव्य नसतं. तळाशी दोन थेंब उरले असतील तर ते तिथेच सोडायचे. पुढच्या आठवड्याच्या बाटलीत मिसळायचे नाहीत.

तारखेचं गणित जरा गमतीचं आहे. पहिला डोस टोचल्यापासून क्विकपेन 30 दिवस वापरता येतं. डोस पडतात पहिल्या दिवशी आणि त्यानंतर 7, 14, 21 दिवसांनी. पाचवा येतो 28 व्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आतच. त्यामुळे नुसतं ‘मुदत संपते’ असं सांगून कुणी पटत नाही, आणि ते बरोबरही आहे. अडचण येते ती साठवणाऱ्यांची. एका पेनचं उरलेलं थोडंच असतं म्हणून पुढच्या पेनच्या उरलेल्यात मिसळलं, तर पहिल्या पेनला तोवर 56 दिवस झालेले असतात. त्यात पेनं वेगवेगळ्या ताकदीची असतील, तर विचारूच नका. 2.5 च्या पेनमधलं 0.3 मिली आणि 5 च्या पेनमधलं 0.3 मिली एकत्र केलं की होतात 3.75 मिलिग्रॅम. हा डोस कुठल्याच पेनवर छापलेला नाही. उरलेलं सिरिंजमध्ये भरून ठेवणं तर त्याहून वाईट. ते औषध काचेच्या नळीत टिकतं हे कंपनीने तपासलेलं असतं, प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये आठवडाभर टिकतं हे नाही.

पेन वापरात असताना 30 अंशांच्या खाली ठेवायचं, असं पत्रकात लिहिलेलं असतं. सांगली, जत, आटपाडी, किंवा तिकडे माण-खटाव, इथे मार्चपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत घरातलं साधं तापमानही त्याच्या वर असतं. ‘फ्रिजबाहेर 30 दिवस चालतं’ ही सवलत आपल्या उन्हाळ्यात धरूच नये. 2 ते 8 अंशांतच ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे फसवा असतो, तिथे पेन गोठू शकतं. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. कराडहून पुण्याला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या पेनचंही तेच. प्रथिनासारख्या या रेणूंची घडी उष्णतेने मोडते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. अशा पेनमधलं उरलेलं काढणाऱ्याला त्यात औषधाचा गुण किती उरलाय हेच कळत नाही.

उरलेलं दुसऱ्याला देणं हा प्रकार तर लग्नसराईत हमखास निघतो. वहिनीचं 15 चं पेन संपत आलंय, नणंदेला दोन महिन्यांत पाच किलो उतरवायचेत. 0.5 मिली उरलं असेल तर त्यात 12.5 मिलिग्रॅम औषध आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला 2.5 ने सुरुवात करतात आणि चार आठवड्यांनी 5 वर नेतात. म्हणजे नणंदेचा पहिलाच डोस पाचपट. हे औषध पोटातलं अन्न पुढे सरकणं मंदावतं आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर काम करतं. शरीराला त्याची सवय व्हायला आठवडे लागतात, म्हणून डोस पायरीपायरीने वाढवतात. त्यात टिर्झेपाटाइडचं अर्धायुष्य सुमारे पाच दिवस आणि सेमाग्लुटाइडचं सुमारे आठवडा. घेतलेल्या 12.5 पैकी निम्मं पाच दिवसांनीही अंगात आहे. उतारा म्हणून कुठलंही इंजेक्शन नाही. उलट्या होत राहतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसऱ्याच्या पेनमध्ये रक्ताचा अंश उलटा गेलेला असू शकतो, त्यामुळे नवी सुई लावली तरी काविळीचे ‘बी’ आणि ‘सी’ विषाणू किंवा एचआयव्ही पसरण्याचा धोका उरतोच. थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा घरात इतिहास आहे का, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, हे नणंदेला कुणी विचारलेलंही नसतं.

जास्त गेलंच असेल तर लपवू नका. घोटघोट ओआरएस घ्यावं, तेलकट आणि जड खाणं टाळावं. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर तपासत राहावी, ती उतरण्याचा धोका याच लोकांना जास्त. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखून ते पाठीकडे जात असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी झाली असेल किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर घरी थांबायचं नाही, 108 ला फोन करायचा. जाताना पेन आणि वापरलेली सिरिंज डब्यात घालून बरोबर न्यावी. किती गेलं हे डॉक्टरांना त्यावरूनच काढता येतं.

पैसे वाचवायची इच्छा चूक नाही. पण ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवायला हवी, कारण तिथे खरे मार्ग आहेत. डोस वाढवत नेलाच पाहिजे असं नाही. 5 वर वजन नीट उतरत असेल तर तिथेच थांबता येतं, आणि वरच्या डोसाची पेनं महाग असतात. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, तेव्हा दुसऱ्या कंपन्यांच्या सेमाग्लुटाइडचा पर्यायही विचारावा. आणि साधी गोष्ट म्हणजे दर वेळी डोस पूर्ण जाऊ द्यावा. बटण पूर्ण दाबून पाच मोजल्याने जेवढं वाचतं, तेवढं सिरिंजने काढून मिळत नाही.

पेन टाकायचं कसं? आधी सुई काढायची. सुया डिटर्जंटच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं, वर ‘सुया’ असं लिहायचं. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात त्या गेल्या, की वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हाताला टोचतात. 2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, ती वेगळीच द्यायची. ज्या दवाखान्यातून औषध लिहून दिलं, तिथे ही बाटली घेतात का ते विचारून ठेवावं. पेनवरचं लेबल खरवडून काढायचं आणि खोकं फाडायचं. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. ओळखीचं लेबल असलेलं रिकामं पेन आणि धड खोकं असा माल बनवणाऱ्याला आयताच सापडू नये.